अंगणात आलेली शाळा

बँकेच्या नोकरीत माणसाला काय काय मोजावे लागते, हे बाहेरच्यांना सांगून खरे वाटत नाही. मी म्हशी मोजल्या आहेत, हरभऱ्याची पोती मोजली आहेत, एकदा तर भर उन्हात वीटभट्टीवरच्या कच्च्या विटा मोजल्या आहेत. मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी असताना एका बालवाडीचे साहित्य मोजण्याची पाळी आली. बालवाडीने शाखेतून कर्ज घेतले होते आणि ते साहित्य आमच्याकडे तारण होते. संचालकांनी काचेच्या कपाटाचे कुलूप उघडले. दट्ट्यांच्या पेट्या, लहानमोठ्या दहा ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, पॉलिश कागदाची खरखरीत अक्षरे, रंगांच्या पट्ट्या, असे सगळे यादीबरहुकूम मांडलेले होते. कर्ज देऊन तीन वर्षे झाली होती आणि एकही नग हरवलेला नव्हता, एकाचाही रंग उडालेला नव्हता. साहित्य उत्तम स्थितीत असल्याचा शेरा मारून मी सही केली.

परतीच्या एस.टी.त बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या शाळेतली खेळणी तीन वर्षे नवीकोरी कशी राहतील? मी गेलो तेव्हा मुले ओळीने हाताची घडी घालून बसली होती आणि बाई पाटीवर अक्षर काढून घेत होत्या. ते मी पाहिले होते, पण आमच्या तपासणीच्या नमुन्यात त्याला रकाना नव्हता.

पुढे बदलीच्या फेऱ्यात मी ठाणे जिल्ह्याच्या पार टोकाला, डहाणू तालुक्यात जाऊन पडलो. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) उदगीरच्या माणसाला तिथली हवा मानवायला वर्ष लागले. काळ्या रानातून उठून चिकूच्या वाड्या, ताडाची झाडे आणि खारा वारा यांत जायचे, म्हणजे दुसऱ्या देशातच जायचे. तिथे एका रविवारी कोसबाडची टेकडी चढलो आणि त्या काचेच्या कपाटाची आठवण मला नव्याने टोचली. कारण त्या टेकडीवर आयुष्याची अखेरची वर्षे काढलेल्या बाईने ते कपाट आधी आपल्या हातांनी भरले होते आणि मग आपल्याच हातांनी बाजूला सारले होते. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचे नाव आमच्या पिढीने शाळेच्या पुस्तकात वाचले असेल, पुढच्या पिढीला तेही ठाऊक नसावे. मात्र त्यांनी रूढ केलेला एक शब्द आज दुर्गम वाडीवरच्या अडाणी आजीच्याही तोंडी आहे. तो शब्द अंगणवाडी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजातले. मुलीने शिकावे की नाही यावर ज्या काळात घरोघर वाद होत, त्या काळात या घरात तो प्रश्नच नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. लगेच पुढच्या वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. शिकलेली बायको, वकील नवरा, वऱ्हाडातले नावाजलेले शहर, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला सगळे जुळून आलेले. पण ते टिकले नाही. १९२१ च्या सुमारास दोघे वेगळे झाले. त्या काळी नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाही, हे सांगायला नको. पदरी एक लहान मुलगी होती, प्रभा.

चरित्रे लिहिणारे या वळणावर थोडे घाईने पुढे जातात. मला तसे करवत नाही. ज्या बाईने पुढे हजारो आईबापांना घर आणि मूल यांविषयी सांगितले, तिचे स्वतःचे घर तिशीच्या आत मोडलेले होते. घर हे मुलासाठी आपोआप चांगले नसते, ते जाणीवपूर्वक तसे करावे लागते, हे ताराबाईंना पुस्तक वाचून कळले नसावे, असे मला नेहमी वाटते.

पोटासाठी त्यांनी राजकोट गाठले. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेत, त्या प्राचार्य झाल्या. एकट्या बाईला आणखी काय हवे? मानाची जागा होती आणि महिन्याचा पगार होता. पण १९२३ मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. काही काळ पूर्व आफ्रिकेत राहून आलेले. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारात असताना मारिया मॉन्टेसरी यांचे पुस्तक हाती पडले आणि वकिली मागे पडली. १९२० मध्ये त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मिशा असलेली आई, अशा अर्थाचे त्यांचे नाव गुजरातेत अजून प्रेमाने घेतात. ज्या काळात छडी लागे छमछम हेच शिक्षणाचे सूत्र होते, त्या काळात हा मिशीवाला गृहस्थ मुलांबरोबर जमिनीवर बसून गोष्टी सांगे. ताराबाई तिथे शिक्षिका म्हणून गेल्या खऱ्या, पण आधी त्यांना स्वतःलाच शिकावे लागले. सगळ्यांत कठीण काय, तर गप्प बसणे. मूल चुकले तरी हात पुढे करायचा नाही. दट्ट्या चुकीच्या भोकात घालते आहे? घालू दे. शेवटी एक दट्ट्या उरतो आणि मुलाचे मुलालाच कळते. चूक दाखवण्याचे काम साहित्य करते, बाईंनी करायचे नाही. डोळ्यांनी मात्र सतत पाहायचे, कोणते मूल कशात रमते, कशाला कंटाळते, याची नोंद ठेवायची आणि त्यावरून उद्याची तयारी करायची.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. या स्थापनेला २०२६ मध्ये शंभर वर्षे होतात. संघाची शिक्षण पत्रिका गुजरातीत निघू लागली. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३३ पासून पत्रिका मराठीत आणली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तिथे मुलेही शिकत आणि मुलांना शिकवणाऱ्या बायाही.

पत्रिकेचा खरा वाचक आईबाप होते. मूल हट्ट का करते, त्याला भीती का दाखवू नये, मारल्याने काय बिघडते, या गोष्टी मराठी घरात इतक्या शांतपणे तोवर फारशा कोणी सांगितल्या नव्हत्या. या विचाराचा गाभा असा की तीन-चार वर्षांच्या मुलाला खेळ आणि काम हा भेद ठाऊक नसतो. आई धान्य निवडते तेव्हा त्यालाही सुपात हात घालायचा असतो. आपण त्याला हाकलतो आणि मग करमणुकीसाठी बाजारातून खेळणे आणतो. पाणी ओतणे, कपड्याची घडी घालणे, गुंडी लावणे, पाने मांडणे, ही मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीतली पहिली पायरी. त्यासाठी वेगळे काही विकत आणावे लागत नाही. लागतो तो मोठ्या माणसाचा वेळ आणि सांडलेले पाणी पाहून न ओरडण्याचा संयम. दुसरी गोष्ट जास्त महाग आहे.

मात्र पुढची पायरी, म्हणजे ती लाकडी साधने, खरोखरच महाग होती. यात एक गंमत आहे. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या भागात आपले पहिले बालघर काढले, ते कामगारांच्या मुलांसाठी. आईबाप कामावर गेले की जिन्यांत आणि गल्ल्यांत उंडारणारी ती मुले होती. तीच पद्धत समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि पाहता पाहता सुखवस्तू घरांची होऊन बसली. गुळगुळीत लाकडाचे, मापात कापलेले ठोकळे ज्याला परवडतील त्याचे मूल शिकणार. दादरमध्ये ते खपून गेले. पण देश दादरपुरता नव्हता, आणि ताराबाईंना हे सलत होते.

डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी मुंबई सोडून बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वय त्रेपन्न. आमच्या खात्यात त्रेपन्नाव्या वर्षी माणूस भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मांडून सोयीची शेवटची बदली कुठे मिळेल ते पाहू लागतो. मी स्वतः तेच केले. बोर्डी म्हणजे घोलवड स्टेशनजवळचे समुद्रकाठचे गाव. त्याच वर्षी त्या परिसरात, उंबरगाव-तलासरीकडे, वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली पेटलेला होता. म्हणजे ज्यांच्या मुलांना ताराबाई बालवाडीत बोलावत होत्या, ते आईबाप आपण माणूस आहोत एवढे जमीनदाराकडून मान्य करून घेण्यासाठी झगडत होते. बोर्डीतच अनुताई वाघ येऊन मिळाल्या. ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान, बालपणीच वैधव्य आलेल्या, शिक्षिका झालेल्या. पुढची अठ्ठावीस वर्षे या दोघींनी बरोबर काढली.

बोर्डीत बालवाडी उघडली, आणि ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. गावातली बऱ्या घरची मुले आली. दलित वस्तीतली, मजुरांची मुले आली नाहीत. कारणे शोधली तर प्रत्येक कारण खरे निघाले. चार वर्षांच्या मुलाला पोहोचवायला कोण येणार, आई तर पहाटेच कामावर गेलेली. सहा वर्षांची पोर घरी बाळ सांभाळते, ती बाळ कुठे टाकून येणार? अंगावर धड कपडा नाही. आणि वर्गात शेजारी कोण बसणार, हा न बोललेला प्रश्न तर होताच.

अशा वेळी संस्था काय करतात, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. लाभार्थी उदासीन असल्याचा अहवाल लिहितात. ताराबाईंनी तो लिहिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. टोपलीत मावेल एवढे सामान घेऊन शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. जागा कोणती, तर कोणाच्याही झोपडीपुढचे सारवलेले अंगण. आधी मुलांची तोंडे धुवायची, नखे कापायची, केस विंचरायचे, आंघोळ घालायची. मग गाणे, गोष्ट, खेळ. हीच अंगणवाडी.

आणि साहित्य? लाकडी ठोकळे बोर्डीच्या अंगणात नेऊन चालणार नव्हते. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी आजूबाजूला पाहिले. समुद्रकाठी शंखशिंपल्यांचा खच पडलेला. मोजायला शिंपले, लहानमोठे लावायला शंख, रंग ओळखायला पाने-फुले, स्पर्शाला माती, वाळू, बिया, गोटे. मॉन्टेसरीबाईंच्या पेटीतून जे शिकायचे ते सगळे यातून शिकता येत होते. त्यातही मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट दुसरीच. वर्ग अंगणात भरत असल्यामुळे घरची माणसे दारातून तो पाहत होती. चुलीशी बसलेली आजी, आजारी म्हणून घरी राहिलेली आई यांना दिसत होते की आपलीच पोरे आपल्याच दारातल्या दगडगोट्यांशी खेळत आकडे शिकताहेत. बाई निघून गेल्या तरी दगडगोटे तिथेच राहत. शाळेचे सामान आणि घरचे सामान यांतली भिंतच पडली होती.

१९५७ साली काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता पूर्ण आदिवासी मुलूख, वारली पाडे. इथे नवीनच अडचण उभी राहिली. जरा मोठी मुले गुरे घेऊन रानात जात. त्यांच्यासाठी अंगणही उपयोगाचे नव्हते, कारण ती अंगणात नव्हतीच. मग शाळा कुरणात गेली. गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली बसली आहेत, शिक्षक तिथेच शिकवतो आहे, ही कुरणशाळा. टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभी केली, म्हणजे धाकटे भावंड पाळण्यात आणि मोठी बहीण वर्गात. बाळ कुठे टाकून येऊ, या बोर्डीतल्या प्रश्नाला उत्तर मिळायला बारा वर्षे लागली होती. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या कामाच्या पसाऱ्यात ती नोंद एका ओळीची आहे.

हे सगळे मला कोसबाडला कळले, पटले, आणि तरीही स्वतःच्या घरात मी पहिल्याच झटक्यात चुकलो. तो किस्सा सांगितला पाहिजे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नातू चार वर्षांचा होता. निवृत्त होऊन मी उदगीरला परतलेलो, मुलगा आणि सूनबाई दोघेही घरून काम करत असलेले. नातवाची नर्सरी बंद पडली आणि मोबाइलवर रोजचा पाठ येऊ लागला. दर आठवड्याला एक विषय असे. पहिल्या आठवड्याचा विषय निघाला समुद्र. देवमाशाचे चित्र रंगवा, अष्टभुजाचे पाय मोजा. उदगीर ते समुद्र म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास वाट आहे. पोराने आयुष्यात तलावापलीकडे मोठे पाणी पाहिलेले नव्हते. त्याने देवमासा तांबडा रंगवला आणि सूनबाईंनी तो निळा करून घेतला. देवमासा तांबडा का नसावा, हे त्याला कोण आणि कसे पटवणार?

मला वाटले, आता आपला अनुभव कामी येईल. मी माळ्यावरून बरणी काढली. बोर्डीच्या किनाऱ्यावर वेचलेले शिंपले त्यात होते. मोठ्या थाटात ते नातवापुढे ओतले आणि ताराबाईंच्या पद्धतीने लहान-मोठे लावायला सांगितले. दोन दिवस तो खेळला. तिसऱ्या दिवशी शिंपले पलंगाखाली गेले. मला वाईट वाटले. उशिरा उमजले की मी ताराबाईंचे शिंपले उचलले होते, पण त्यांचे पाहणे उचलले नव्हते. बोर्डीच्या मुलांना शिंपले दिले, कारण ते त्यांच्या दारात होते. उदगीरच्या मुलाला शिंपला हा देवमाशाइतकाच परका.

आमच्या घरात ताराबाई कोणाला कळल्या असतील, तर त्यांचे नाव फक्त माझ्या तोंडून ऐकलेल्या माझ्या बायकोला. त्या वर्षीची येळवस जानेवारी २०२१ मध्ये आली. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर, धाराशिव, नांदेडकडची माणसे घराला कुलूप लावून रानात जेवायला जातात. वेळ अमावास्या हे तिचे पुस्तकी नाव. कडब्याची कोप करतात, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदगीतली आंबील असा बेत असतो. या दिवशी उदगीर-लातूरचे रस्ते टाळेबंदीविनाही ओस पडतात.

येळवशीच्या आधीचा आठवडाभर बायकोने नातवाला स्वयंपाकघरात घेतले. कागदावर काही मांडले नाही, पण रोजचे तिच्या डोक्यात ठरलेले होते. पहिल्या दिवशी भज्जीच्या शेंगा, तुरीच्या, वाटाण्याच्या, पावट्याच्या, हरभऱ्याचे घाटे. सगळे एकत्र करून सुपात टाकले आणि वेगळे करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सोलणे. तुरीच्या शेंगेत किती दाणे, घाट्यात किती, हे तो स्वतःहूनच मोजू लागला. कुठे चार, कुठे पाच, घाट्यात एक किंवा दोन, आणि मग घाटा एवढा फुगलेला असून आत एकच का, हा प्रश्न आला. बायकोने उत्तर दिले नाही. अजून एक सोलून बघ म्हणून सुचवले. मी मात्र सांगायला पुढे सरसावलो होतो आणि तिने डोळ्यांनी दटावले. तिसऱ्या दिवशी आंबिलीचे पीठ ताकात भिजले. सकाळी वास वेगळा, संध्याकाळी वेगळा, दुसऱ्या दिवशी आंबूस. तो दर तासाला झाकण काढून हुंगत होता. चौथ्या दिवशी ज्वारीची धाटे आणली. त्यांची वितीने मापे घेणे झाले, भेंड आणि चोयट्यांची बैलगाडी झाली. ती मी केली, कारण ती कला या घरात मलाच येते. एके काळी आमच्याकडे प्रत्येक पोराला येई. आता शिवारभर सोयाबीन झाले, धाट मिळवायलाच दोन शेते फिरावी लागली.

पाचव्या दिवशी रान. पाच दगड त्याने स्वतः निवडले, मोठा भीम कोणता ते ठरवले. संध्याकाळी फोनवर आत्याला त्याने सगळी येळवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. सात-आठ मिनिटे न थांबता. जे पोर मोबाइलवर बाईंपुढे एक शब्द बोलत नव्हते, ते. सूनबाई ते ऐकून चकित झाल्या आणि त्यांनी वही घातली. आठवड्याचा विषय काय, घरातल्या कोणत्या वस्तू लागतील, कोणते नवे शब्द त्यात येतील आणि पोराने न सांगता काय केले. पुढे त्या वहीत माठ आला, मुंग्या आल्या, मृगाची पेरणी आली, देवणी बैलांचा पोळा आला. एक विषय, कुलूप आणि किल्ल्या, त्याने स्वतःच काढला आणि तो दोन आठवडे पुरला. काही विषय साफ फसले. उदगीरच्या किल्ल्याचा विषय मी सुचवला होता, त्यात मी १७६० च्या लढाईवर व्याख्यान दिले आणि तो झोपला.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती मात्र तुरीचे दाणे, वाटाणे देऊ नयेत. ती नाकाकानात जातात. त्याच्यासाठी वाट्या, झाकणे, मोठे बटाटे पुरेत, आणि मोठे माणूस शेजारी हवे.

कधी वाटते, आमच्या भागात हे सगळे इतक्या उशिरा का पोहोचले? १९४५ मध्ये बोर्डीत अंगणवाडी भरत होती तेव्हा उदगीर निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते. शाळेची भाषा उर्दू. घरात मराठी, शेजारी कन्नड, तांड्यावर बंजारा बोली, आणि शाळेत पाऊल टाकले की यातले काहीच नाही. आज निजाम नाही, पण चार वर्षांच्या पोराला घरात न बोलली जाणारी भाषा देण्याची घाई तशीच आहे, फक्त आता ती आपण फी भरून विकत घेतो. आणि पाटीवर मॉन्टेसरी असे लिहिलेले असते.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत ओढले. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. महाराष्ट्रातला एक प्रकल्प मेळघाटात धारणीला होता, ताराबाईंचा संसार जिथे मांडला आणि मोडला त्याच अमरावती जिल्ह्यात. पुढे अंगणवाड्या देशभर लाखांनी झाल्या. आहार आला, लसीकरण आले, वजनकाटा आला. मुलांचे जीव त्याने वाचले, त्याला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण खेळ मागे पडला. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविकेला सकाळी आहार, मग वजने, मग मोबाइलवरच्या नोंदी, यांतून मान वर काढायला सवड नसते. तीन ते आठ वर्षांचा पाया खेळातून घालावा असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने म्हटले आहे. ते तिच्यापर्यंत जसे पोहोचायचे तसे पोहोचेल.

नातू आता मोठ्या शाळेत जातो. त्याच्या पलंगाखालचे शिंपले मी मध्यंतरी गोळा केले, धुतले आणि त्या अंगणवाडीत नेऊन दिले. तिथे आमच्याकडे कामाला आलेल्या काही कुटुंबांची मुले येतात, त्यांना समुद्र जवळचा की लांबचा ते मला ठाऊक नाही. सेविकेने शिंपले कपाटात न ठेवता एका पसरट टोपलीत, मुलांचा हात पोहोचेल असे ठेवले. ते तिला मी सुचवलेले नव्हते. महिन्याभराने सहज डोकावलो तर टोपली अर्ध्यावर आली होती. पोरे खिशात घालून घरी नेतात, असे सांगताना ती जरा ओशाळली. मी आयुष्यभर नग मोजलेला माणूस, पण किती कमी झाले ते मी मोजले नाही.